मुरुड ते सातारा, १८७५: एका चढणीचे वाचन

गोठलेला धबधबा चढून जाण्याच्या क्रियेला मराठीत नाव नाही. ‘प्रस्तरारोहण’, ‘गिर्यारोहण’, ‘हिमप्रपात’ हे शब्द विसाव्या शतकात गरजेपोटी घडविले गेले आणि ते अजूनही नव्या कपड्यांसारखे थोडे कडक वाटतात. याउलट डोंगर ओलांडण्याशी संबंधित जुने शब्द मोजू लागलो तर बोटे पुरत नाहीत: घाट, खिंड, नाळ, घळ, बारी, सोंड, पदर, माची, चढण, उतरण, दम लागणे, टेकणे, उसासा. या शब्दांत विक्रम कुठेच नाही. सगळे शब्द पलीकडे जाण्याचे आहेत, वर पोचण्याचे फारच थोडे. शब्दसंग्रहातील या तफावतीतून आपल्याकडच्या एका प्रसिद्ध चढणीकडे पाहावे, असा या लेखाचा हेतू आहे.

ती चढण आहे धोंडो केशव कर्वे यांची. १८७५ साली, पावसाळ्याच्या दिवसांत, सतरा वर्षांचा हा मुलगा काही सोबत्यांसह रत्नागिरी जिल्ह्यातील मुरुडहून निघाला आणि सह्याद्री ओलांडून साताऱ्यास पायी पोचला. अंतर सुमारे ११० मैल, म्हणजे पावणेदोनशे किलोमीटरांच्या आसपास. कारण होते मराठी सहाव्या इयत्तेची सरकारी परीक्षा. साताऱ्यास पोचल्यावर परीक्षा समितीच्या अध्यक्षांनी त्याच्याकडे पाहिले, हा मुलगा सतरा वर्षांचा वाटत नाही असे ठरविले आणि त्याला परीक्षेस बसू दिले नाही. पुढील वर्षी कोल्हापूर केंद्रावरून तो ती परीक्षा उत्तीर्ण झाला.

ही कथा महाराष्ट्रात शाळेत गेलेल्या बहुतेकांना ठाऊक आहे, आणि हीच तिची अडचण आहे. शालेय पुस्तके, जयंतीची भाषणे, वक्तृत्वस्पर्धा यांनी तिला इतके घासले आहे की तिच्यात आता ना पाऊस उरला आहे ना डोंगर. उरला आहे केवळ एक आकडा, ‘एकशे दहा मैल’, आणि त्याच्या पाठोपाठ येणारा उपदेश. आम्हांला या कथेतील डोंगर परत हवा आहे. तो आणल्याशिवाय साताऱ्यास जे घडले त्याचा अर्थ लागत नाही, असे आमचे म्हणणे आहे.

प्रथम भूगोल. मुरुड हे दापोली तालुक्यातील समुद्रकाठचे गाव. हर्णै बंदर आणि सुवर्णदुर्ग त्याच्या शेजारी. (जंजिऱ्याजवळचे मुरुड वेगळे, ते रायगड जिल्ह्यात. गोंधळ नेहमी होतो.) गाव आकाराने लहान, पण एकोणिसाव्या शतकाच्या वैचारिक इतिहासात त्याची जागा मोठी. हिंदू धर्मशास्त्राचे अभ्यासक आणि मुंबईचे नामांकित वकील रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक यांचा जन्म १८३३ साली याच गावचा. कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी आजोळी, शेरवली येथे झाला. वाढले ते मुरुडात. जवळच्या मुर्डीचे र. पु. परांजपे पुढे १८९९ साली केंब्रिजचे सीनिअर रँग्लर झाले. या किनाऱ्यावरच्या माणसाची स्वाभाविक वाट समुद्राची. आगबोटीत बसावे, मुंबई गाठावी. पण पावसाळ्यात कोकणकिनाऱ्यावरची बोटवाहतूक बंद पडे. नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा होई, तरी भादव्यातला समुद्र भरवशाचा नसे. वर्षातील तीनचार महिने हा किनारा एका बाजूने पाण्याने आणि दुसऱ्या बाजूने डोंगराने कोंडलेला असे.

आगगाडीने सह्याद्री तोवर जिंकला होता हे येथे मुद्दाम आठवावे. बोरघाटाची चढण १८६३ मध्ये रेल्वेला खुली झाली. तिच्या बांधकामात हजारो मजूर पटकी, ताप आणि अपघात यांनी मेले. थळघाट १८६५ मध्ये. म्हणजे कर्वे चालत निघाले तेव्हा मुंबईहून पुण्यास जाणारा मनुष्य डब्यात बसून घाट चढत होता. परंतु बोरघाटाचा मुरुडच्या मुलाला काय उपयोग? त्याला आधी मुंबई गाठायला हवी, आणि मुंबईला नेणारी बोट बंद. प्रगती ज्या रुळांवरून जाते त्या रुळांपासून आपण किती कोसांवर आहोत, यावर माणसाचे शतक ठरते. रत्नागिरी जिल्ह्याला पूर्ण लांबीची कोकण रेल्वे मिळाली ती १९९८ साली.

आता डोंगर. सह्याद्री हा लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला बेसाल्टचा पहाड आहे. कठीण थर कड्यासारखा उभा राहतो, मऊ थर झिजून पदर होतो. त्यामुळे कोकणातून पाहिले तर हा पर्वत पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो, आणि पावसाळ्यात प्रत्येक पायरीवरून पाणी कोसळत असते. हे पाणी कड्यात ज्या चिरा पाडते त्यांना आपण नाळ म्हणतो. घाटवाटा बऱ्याचदा या नाळांतूनच गेलेल्या आहेत, कारण उभ्या भिंतीत शिरण्यास जागा पाण्यानेच करून ठेवली आहे. हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याच्या बेलपाड्याहून वर चढणारी ‘नळीची वाट’ आजच्या भटक्यांना ठाऊक आहे. साम्रदजवळची सांदण दरीही ठाऊक आहे. उन्हाळ्यात जी वाट, आषाढात तोच धबधबा. आपल्या डोंगरात वाट आणि प्रपात या एकाच जागेच्या दोन ऋतूंतल्या दोन अवस्था आहेत.

येथे गोठलेल्या धबधब्याची तुलना उपयोगी पडते. आल्प्समध्ये, स्कॉटलंडमध्ये, किंवा आपल्याकडे हिमाचलातील स्पितीच्या घळींत हिवाळ्यात पाणी थिजते आणि मगच ते चढण्याजोगे होते. वाहते पाणी माणसाला नाकारते. थिजलेले पाणी त्याच्या कुऱ्हाडीचे टोक धरून ठेवते. या कलेचा इतिहास हा मुख्यतः अवजारांचा इतिहास आहे. पूर्वी बर्फात कुऱ्हाडीने पायऱ्या खोदत वर जात. १९०८ च्या सुमारास ऑस्कर एकेन्स्टाइन याने बुटांखाली बांधावयाच्या दातेरी सांगाड्याची नवी रचना केली. १९३० च्या आसपास इटलीतील ग्रिव्हेल घराण्याच्या लोहारखान्यात त्याला पुढे निघालेले दोन दात मिळाले, आणि माणूस पायऱ्या न खोदता बुटाच्या अग्रावर उभा राहू लागला. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात इव्हॉन शुइनार्ड याने कुऱ्हाडीच्या चोचीला बाक दिला. हा बाक आला आणि उभा बर्फ खऱ्या अर्थाने चढता येऊ लागला. १९७८ साली त्याने या विषयावर एक स्वतंत्र पुस्तकच लिहिले.

सह्याद्रीचा हिशेब उलटा आहे. येथे धबधबा थिजत नाही, तो वाळतो. आणि वाळला की मगच दगड हाताला लागतो. भर पावसात बेसाल्टवर शेवाळ येते, त्यावर कुठलेही टोक रुतत नाही. मातीचा घसारा पायाखालून निघून जातो. धुके उतरले की पुढचा मनुष्य दिसत नाही, आणि पाण्याच्या आवाजात हाक ऐकू जात नाही. अनुभवी भटके नाळेच्या वाटा पावसाळ्यात टाळतात ते याच कारणाने. आता काही ठिकाणी पावसाळी धबधब्यांतून दोरावरून खाली उतरण्याचा खेळ रूढ झाला आहे; तो उतरण्याचा आहे, चढण्याचा नव्हे, आणि तेवढ्यावरूनही काय ते समजावे. घाटमाथ्यावरचा पाऊस म्हणजे काय हे आकड्यांत सांगायचे तर महाबळेश्वरची वार्षिक सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक भरते, आणि तेथून पूर्वेस काही कोसांवर असलेल्या साताऱ्याची तिच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास. मुरुडहून निघालेल्या त्या मुलांनी ही पावसाची भिंत आरपार ओलांडली. चिपळूणहून कुंभार्ली घाटाने कोयनेच्या खोऱ्यात चढावे, पाटणवरून पुढे व्हावे, ही त्या भागातील वहिवाटीची दिशा. समुद्रसपाटीपासून दोनएक हजार फुटांची ती चढण आज मोटारीत झोप लागेपर्यंत संपते.

त्यांच्याजवळ काय होते? पाठीवर बोचके, अंगावर घोंगडी किंवा इरले असे काही, पायांत असलेच तर वहाणा. परीक्षेची तारीख ठरलेली होती, म्हणून पाऊस थांबण्याची वाट पाहणे शक्य नव्हते. डोंगर चढणाऱ्याची सर्वांत मोठी चैन कोणती, असे विचारले तर ‘उद्या चढू’ असे म्हणता येणे, हेच उत्तर द्यावे लागेल. ती चैन यांना नव्हती.

याच्या थोडी आधीची वर्षे युरोपात गिर्यारोहणाचे ‘सुवर्णयुग’ म्हणून ओळखली जातात. लंडनचा अल्पाइन क्लब १८५७ च्या अखेरीस स्थापन झाला, म्हणजे कर्वे यांच्या जन्माच्या काही महिने आधी. मॅटरहॉर्न १८६५ मध्ये चढला गेला. उतरताना चौघे पडून मेले. साहित्याच्या विद्यार्थ्यांना यात रस वाटावा असा मनुष्य म्हणजे लेस्ली स्टीफन: समीक्षक, चरित्रकोशाचा संपादक, व्हर्जिनिया वुल्फचा पिता, आणि १८६१ साली श्रेकहॉर्न शिखर प्रथम चढणारा. त्याच्या आल्प्सविषयक निबंधांचे पुस्तक १८७१ साली निघाले. त्याच्या शीर्षकातच आल्प्सला युरोपचे क्रीडांगण म्हटले आहे. या पुस्तकानंतर चारच वर्षांनी कर्वे घाट चढले. एकाला पर्वत हे क्रीडांगण, दुसऱ्याला तो परीक्षा आणि घर यांच्यामधला अडसर. स्टीफनचे डोंगर चढणे खोटे किंवा पोरकट होते असे आम्हांला सुचवायचे नाही. त्याचे गद्य आजही ताजे आहे. परंतु वर जाण्याला अर्थ देण्याची सवड ज्याला असते त्याच्याच चढणीचे साहित्य होते, ही गोष्ट या दोन तारखा शेजारी ठेवल्या की डोळ्यांत भरते.

ही सवड जुनी आहे. १३३६ साली पेट्रार्क भावाबरोबर व्हाँतू पर्वतावर चढला, शिखरावर त्याने ऑगस्टीनचा ग्रंथ उघडला आणि बाहेरचा पर्वत पाहण्याऐवजी मनुष्याने स्वतःच्या आत पाहावे असे त्यास वाटले. पाश्चात्त्य परंपरेत चढण म्हणजे आत्मशोधाचे रूपक, ही वहिवाट तेथून पडली असे मानतात. आमच्याकडील चढणीच्या वाङ्मयात असे शिखरच नसते. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले ते दक्षिणेच्या आशेने, कर्ज फेडण्यासाठी. त्यांचा ‘माझा प्रवास’ चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये छापला. त्यात घाट येतात आणि मागे पडतात. घाटावर उभे राहून कोणी देखावा पाहत नाही.

कर्वे यांचे ‘आत्मवृत्त’ १९१५ साली प्रसिद्ध झाले. साताऱ्याच्या प्रवासाकडे वळून पाहणारा तेथील लेखक सत्तावन्न वर्षांचा आहे, गणिताचा प्राध्यापक राहिलेला आहे, आणि त्याच्या गद्याचा स्वभावही गणिताचाच आहे. अंतर, दिवस, सोबत, परिणाम. आपल्या धैर्याविषयी विशेषण वापरण्याची त्यांना सवय नाही. १९३६ मध्ये त्यांनी इंग्रजीतून आत्मचरित्र लिहिले, तेव्हाही हा स्वभाव सुटला नाही. मराठी समीक्षेने या कोरडेपणाला बराच काळ ‘साधेपणा’ म्हणून गौरविले आणि पुढे सरकली. आमच्या मते तो त्याहून अधिक काही आहे. जे सगळेच करीत होते त्याला पराक्रम म्हणणे या लेखकास अवघड जात असावे. घाट चढणे ही कोकणी माणसाची नित्याची गोष्ट होती. मीठ, मासळी, नारळ वर जात. धान्य, गूळ खाली येई. आणि हे सारे बैलांच्या, तांड्यांच्या, हमालांच्या आणि डोक्यावर पाट्या घेतलेल्या बायकांच्या बळावर चाले. त्यांपैकी एकाचेही आत्मवृत्त आपल्याजवळ नाही. रायगडाचा कडा अंधारात उतरणारी हिरकणी आपल्याला आठवते, पण तीही दंतकथेच्या रूपाने, आणि तिलाही उतरावे लागते ते तान्ह्या मुलासाठी.

म्हणून शालेय पुस्तकांतील एकट्या धोंडूचे चित्र आम्हांला खटकते. तो एकटा नव्हता. सोबत मुले होती, आणि त्यांच्या मागे गावातील सोमण मास्तरांसारखे शिक्षक होते, ज्यांनी सार्वजनिक कामाची गोडी लावली असे कर्वे यांनी स्वतः कृतज्ञतेने सांगितले आहे. सोबत्यांपैकी बाकीच्यांचे काय झाले हा प्रश्न भाषणांत कोणी विचारीत नाही. चढणीची कथा सांगताना ज्याचे पुढे नाव झाले तेवढाच दोराच्या टोकाला उरतो.

आणि आता सातारा. एका समितीने एका मुलाकडे पाहून त्याचे वय ठरविले. नियम असा की उमेदवाराला सतरा वर्षे पूर्ण झालेली असावीत. परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यास शिक्षकाची वा कारकुनाची सरकारी नोकरी मिळण्याचा मार्ग खुला होई, म्हणून नियमाला काही अर्थ होता हे मान्य. एप्रिलमध्येच त्याला सतरा पूर्ण झाली होती. पण तो अंगाने लहान दिसे. ज्या देहाने नुकताच पावसाळी सह्याद्री ओलांडला होता तो देहच अपात्रतेचा पुरावा ठरला. प्रेरणादायी भाषणे येथे घाईने पुढच्या वर्षाच्या कोल्हापूरकडे पळतात, कारण यश तेथे आहे. आम्हांला साताऱ्यास थांबावेसे वाटते. राज्यसंस्थेचा डोळा आणि डोंगर यांत फरक हा, की डोंगराने त्याला वय विचारले नव्हते. परीक्षेचे केंद्र जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी ठेवणे, तिची तारीख पावसाळ्यात ठेवणे, आणि दारात उभ्या राहिलेल्याला नजरेने मोजणे, या तिन्ही गोष्टींत कोणाचा दुष्टपणा नव्हता. कोकणातला मुलगा तेथे पोचतो कसा हे कोणाच्या लक्षात येण्याचे कारण नव्हते, इतकेच.

या प्रसंगाचे कर्वे यांच्या पुढील कार्याशी नाते जोडण्याचा मोह होतो. तो आवरता घ्यावा; आयुष्ये इतकी सरळ रेषेत जात नाहीत. तरीही एक गोष्ट नोंदवणे भाग आहे. १८९१ साली ते फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील त्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. नवदांपत्य मुरुडास गेले तेव्हा गावाने बहिष्कार घातला. ज्या गावाहून डोंगर ओलांडून बाहेर पडावयाचे, त्या गावात परत शिरण्याची वाट त्याहून कठीण निघाली. आणि त्या वाटेवर आनंदीबाई झालेल्या गोदूबाईही होत्या, ज्यांचे ‘माझे पुराण’ नवऱ्याच्या आत्मवृत्तापेक्षा कितीतरी मोकळे, बोलके आणि तिखट आहे. वर्गात दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत, अशी शिक्षकांना आमची सूचना आहे. कर्वे यांनी गावाविषयी मनात अढी धरली नाही. गावातील शाळेसाठी व लोकोपयोगी कामांसाठी त्यांनी उभारलेला ‘मुरुड फंड’ हा त्यांच्या सार्वजनिक कामाचा आरंभ मानला जातो.

याच घराण्यात चालण्याचे दुसरे एक उत्कृष्ट वाङ्मय जन्मले, याचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. सून इरावती कर्वे यांचा वारीवरचा लेख, ‘वाटचाल’. पुण्याहून निघालेली पालखी दिवेघाट चढते, आणि त्या चढणीबरोबर चालणारी विदुषी पाहते ती माणसे: एकाच अभंगावर पाय टाकणारी, आणि मुक्कामाला मात्र जातीजातींच्या पंक्तींनी वेगळी बसणारी. घाट सर्वांना एकत्र चढवतो. माथ्यावर गेल्यावर ती पुन्हा वेगळी होतात. सासऱ्यांच्या गद्यात जे निरीक्षण आकड्यांआड राहिले होते ते सुनेच्या गद्यात उघड्यावर आले. तिला चढण्याला अर्थ देण्याची सवड होती, आणि ती सवड तिने शिखर पाहण्यात खर्च केली नाही.

गो. नी. दांडेकरांपासून आनंद पाळंद्यांच्या ‘डोंगरयात्रे’पर्यंत पुढे जे गिरिभ्रमणाचे मराठी वाङ्मय झाले त्याचा प्रवाह वेगळा आहे, त्यात इतिहासप्रेम आहे, रसिकता आहे, आणि अलीकडे दोर, खिळे, श्रेणी यांची परिभाषाही आहे. हिमालयात जाणारे मराठी तरुण आज गोठलेल्या धबधब्यांवरही कुऱ्हाडी मारतात, आणि त्यांचे अनुभवकथन वाचताना लेस्ली स्टीफनचे क्रीडांगण आपल्या भाषेत आल्याचे जाणवते. हे स्वागतार्हच आहे. फक्त त्यासाठी शब्द घडविताना जुन्या शब्दांकडे एकदा वळून पाहावे असे वाटते. ‘नाळ’ या एका शब्दात पाण्याने कापलेली घळ आहे आणि आईशी जोडणारा दोरही आहे. ‘घाट’ या शब्दात डोंगराची वाट आहे आणि नदीच्या पायऱ्याही. ११० मैल चालून आलेल्या मुलाला ‘तू लहान दिसतोस’ असे सांगितल्यावर जे वाटले असेल त्याला मात्र जुना वा नवा शब्द आमच्या वाचनात आलेला नाही. आत्मवृत्तकाराने तेथे विशेषण न वापरता पुढचे वर्ष आणि पुढचे केंद्र सांगितले आहे.